सॅम, मॅम आणि वावरची माता

जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी ही नावे महाराष्ट्राला परिचित झाली ती १९९२ साली, तेथील कुपोषित बालकांच्या मृत्यूंमुळे. त्या वेळी हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. तेव्हाच्या वार्तांतील शब्द भूक आणि कुपोषण हे होते. कटू, पण कोणालाही कळणारे. आज अशा बालकाची नोंद 'सॅम' किंवा 'मॅम' अशी होते. पहिला शब्द एखाद्या साहेबाचे नाव वाटावा, दुसरा शहरी शाळेतील बाईंना मारलेली हाक! सहा महिन्यांवरील बालकाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी भरला, की ते सॅम, म्हणजे अतितीव्र कुपोषित. त्याच्या मृत्यूची शक्यता निरोगी बालकापेक्षा कित्येक पटींनी अधिक असते. 'सॅम' या एका शब्दात यातले काय ऐकू येते?

पुढे व्हीसीडीसी, टीएचआर, एनआरसी अशी रांगच लागते. यातील एनआरसी म्हणजे पोषण पुनर्वसन केंद्र. याच अक्षरांवरून, मात्र नागरिकांच्या नोंदवहीसंदर्भात, २०१९ साली देशभर वाद पेटला होता.

संक्षेप मराठीला परके नाहीत. 'सा. न. वि. वि.' आणि 'चि. सौ. कां.' घरोघरी रुळले आहेत, आणि 'रा. स्व. संघ' तर या पृष्ठांच्या वाचकाला सांगायलाच नको. इंग्रजी अक्षरांशीही वैर नाही. 'आशा' ताई त्याच अक्षरांतून आल्या आणि पाड्यावरच्या झाल्या. एसटी तर केव्हाच आपली झाली, जरी वनवासी बांधवाच्या जातीच्या दाखल्यावरही तीच अक्षरे असली तरी. प्रश्न आहे तो ज्याच्या जिवाशी शब्दाचा संबंध, त्याला तो उलगडतो की नाही, हा.

दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्यातील अनेक कुटुंबे मुलाबाळांसह भिवंडी-वसईकडील वीटभट्ट्यांवर जातात. अशा मातेला 'मूल सॅममध्ये आहे' असे सांगितले, तर मजुरी बुडवून केंद्रात दोन आठवडे का राहायचे, हे तिने कशावरून ठरवायचे? दोष अंगणवाडी ताईंचा नाही. त्यांच्यापुढे आलेल्या रकान्यांचा आहे. मूल 'सॅममधून मॅममध्ये' सरकले की रकाना समाधानी होतो.

शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, सावरकरांनी 'महापौर' आणि 'दिनांक' दिले. येथे तर नवा शब्द घडवण्याचेही कष्ट नाहीत. 'अतितीव्र कुपोषित' हा शब्द शासकीय कागदांत आहेच, आणि मराठीला राजभाषा ठरवणारा अधिनियमही १९६४ पासून आहे. अहवालात हवी ती अक्षरे खुशाल राहोत. मातेच्या हाती पडणाऱ्या कार्डावर पूर्ण शब्द छापावा. दंडाभोवतीच्या पट्टीवरील लाल रंग तिला दिसतोच. त्याचा अर्थ तिच्या वारली, कोकणा वा ठाकरी बोलीत सांगण्याचे काम, आरोग्य शिबिरांसाठी या पाड्यांवर जाणारे कार्यकर्ते पुढच्याच फेरीपासून करू शकतात.