बोंडअळीला पातळी आहे, कमरेला का नाही?



या पानांवर आम्ही भावाचे, कर्जाचे, विजेचे लिहितो. आज कमरेचे आणि गुडघ्याचे लिहिणार आहोत. हे दवाखान्याचे काम, संघटनेचे नाही, असे कोणाला वाटेल. पूर्ण वाचा, मग ठरवा.

काही वर्षांपूर्वी पूर्णाकाठच्या एका गावातला आमचा सहकारी बैठकीला कंबर धरून येऊ लागला. "काहून बाप्पा, काय झालं?" म्हटले की उत्तर ठरलेले, "काही नाही, वखरताना लचक भरली. उलंगवाडी झाली की पाहू." मोर्चाच्या दिवशी त्याला चालवेना, तेव्हा दुखणे थांबवणारी गोळी आम्हीच खिशातून काढून दिली. तो तहसीलपर्यंत चालला आणि आम्हाला बरे वाटले. संध्याकाळी अंगात कणकण येते, रात्री दुखण्याने झोप मोडते, सदरा ढिला होत चालला आहे, हे सारे तो बोलता बोलता सांगत होता. आम्ही ऐकून सोडून देत होतो. आठ महिन्यांनी पायांतली ताकद गेली तेव्हा त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी नेले. मणक्याचा क्षयरोग निघाला. औषधांनी रोग बरा झाला, आज तो काठी घेऊन चालतो. वखर मात्र त्याच्या हाती पुन्हा आला नाही.

आम्ही शेतकी शिकलेली माणसे, म्हणून ही चूक आम्हाला जास्त टोचते. गावोगाव आम्हीच सांगत फिरलो की गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावा. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले, किंवा शंभरातली दहा फुले-बोंडे किडकी निघाली, की आर्थिक नुकसानीची पातळी गाठली. त्याआधी फवारू नका, त्यानंतर थांबू नका. पातळी ओलांडून गेल्यावर काय होते, ते २०१७ साली वऱ्हाडाने पाहिले आहे. पऱ्हाटीला पातळी लावणारा कास्तकार आपल्या हाडाला मात्र एकच माप लावतो: हंगाम सरू द्या.

आता आधी एक खरे सांगू. बहुतेक दुखणी थांबण्यासारखीच असतात. निंदणाने, वेच्याने, पाठीवरच्या फवारणीपंपाने धरलेली कंबर बहुधा काही आठवड्यांत आपोआप सुटते. अंथरूण धरू नये, हलते राहावे, शेकावे, काही दिवस जड उचलू नये. उतारवयात उठताबसता कुरकुरणारा गुडघा बहुधा झिजेचा असतो. त्याला मांडीच्या स्नायूंचा रोजचा व्यायाम आणि वाढलेले वजन कमी करणे, ही पहिली औषधे. त्यासाठी लगेच अकोल्याला जाऊन महागड्या तपासण्या करण्याची गरज नसते. पण खालच्या खुणा दिसल्या, की पातळी गाठली असे समजा.

पहिल्या खुणा अशा, की त्याच घटकेला निघायचे. हाड मोडून जखमेतून दिसते, किंवा हातपाय वाकडा झाला आहे. पडलेल्या म्हाताऱ्या माणसाला उभे राहता येत नाही, पाय आखूड दिसतो आणि बाहेर वळलेला आहे. हे खुब्याचे हाड. शस्त्रक्रिया एक-दोन दिवसांत झाली तर माणूस पुन्हा उभा राहण्याची आशा जास्त. खाटेवर पडून राहिला तर अंगाला जखमा होतात, छातीत कफ साठतो आणि त्यातच तो जातो. कंबरदुखीबरोबर लघवी अडकली, बसण्याची जागा बधिर झाली, पाय लुळे पडू लागले, तर मणक्यातल्या नसा दबल्या आहेत. एकच सांधा लाल, गरम, सुजलेला आणि सोबत ताप, तर सांध्यात पू असू शकतो. लहान मूल असेल आणि ते पाय हलवू देत नसेल, तर रात्रसुद्धा काढू नका. १०८ ला फोन करा.

हाडवैद्याबद्दलही बोलले पाहिजे. गावात रात्री-बेरात्री धावून येणारा तोच असतो, म्हणून त्याला शिव्या देणे आम्हाला जमत नाही. पण बांबूच्या कामट्या घालून पट्टी करकचून बांधली, दुखणे कमी होण्याऐवजी वाढत गेले, बोटे गार, निळी किंवा बधिर पडली, तर पट्टी तिथल्या तिथे सोडा आणि दवाखाना गाठा. रक्त अडले की सहा-आठ तासांत स्नायू मरू लागतात. मग हाड जुळते आणि मूठ जन्मभर आखडलेली राहते. झाडावरून पडलेल्या पोराचा कोपराजवळ मोडलेला हात अशाने जातो.

दुसऱ्या खुणा अशा, की त्याच आठवड्यात दाखवायचे. विश्रांतीनेही न थांबणारी, रात्री जास्त छळणारी पाठदुखी. सोबत संध्याकाळचा ताप आणि उतरत चाललेले वजन. आमच्या सहकाऱ्याची हीच गोष्ट. क्षयरोगाची औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. मणक्याचा साधा एक्स-रे सुरुवातीला स्वच्छ येऊ शकतो, म्हणून एका फोटोवर समाधान मानू नका. कमरेतून पायात उतरणारी कळ सहा आठवड्यांनंतरही हटत नसेल, तरीही दाखवा. सकाळी अर्धा-पाऊण तास बोटे उघडत नाहीत आणि दोन्ही हातांचे बारीक सांधे सुजून सहा आठवडे झाले, तर ती झीज नसून आमवात असू शकतो. त्याची औषधे वेगळी असतात. उशीर झाला तर बोटे वाकडी होतात. २००६ साली महाराष्ट्रात चिकनगुन्या पसरला, तेव्हा ताप गेल्यावरही सांधे महिनोन्‌महिने दुखत राहिले. तेव्हापासून प्रत्येक सांधेदुखी त्याच्याच खात्यावर टाकायची सवय लागली. ती सोडा. आणि बाळाचे पाऊल जन्मतःच आत वळलेले असेल, तर पहिल्या काही आठवड्यांतच न्या. दर आठवड्याला प्लास्टर बदलत बहुतेक पावले मोठ्या शस्त्रक्रियेशिवाय सरळ होतात.

सर्वात मोठा धोका खिशातल्या गोळीचा. ती दुखणे झाकते, कारण तसेच राहते. रोज खाल्ली तर जठराला जखमा आणि मूत्रपिंडाला इजा. आपल्या खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाच्या रोगाने किती घरे खचली, ते दर्यापूर-अकोट-तेल्हाऱ्याच्या माणसाला आम्ही काय सांगावे? बाजारात बिनचिठ्ठीच्या पुड्या मिळतात, दोन दिवसांत माणूस पळायला लागतो. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडले आहे. त्याने खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून हाडच मरू शकते.

हे सारे माहीत असूनही माणूस थांबतो, आणि तो आळशी म्हणून थांबत नाही. वेच्याच्या दिवसांत दवाखान्याचा एक दिवस म्हणजे दोघांची मजुरी, गाडीभाडे आणि झाडावर फुटून पडलेला कापूस. ओटी बांधून दिवसभर वाकणारी बाई तर दुखणे घरात सांगतही नाही. सरकार पिकाचा उत्पादन खर्च काढते तेव्हा अवजारांचा घसारा धरते, शेतातल्या इमारतींचा घसारा धरते. घरच्या माणसाची मजुरी कागदावर येते, पण वखरामागे तीस वर्षे चालून झिजलेल्या मणक्याचा घसारा कुठल्याच रकान्यात नाही. तो आपण अंगावर भरतो. म्हणून हा प्रश्न संघटनेचा आहे.

जे आहे ते तरी पदरात पाडून घ्या. २०१२ साली अमरावतीसह आठ जिल्ह्यांत सुरू झालेली जीवनदायी योजना आता महात्मा फुले जन आरोग्य योजना झाली आहे. आत्महत्याग्रस्त म्हणून ठरलेल्या चौदा जिल्ह्यांतले पांढऱ्या शिधापत्रिकेचे शेतकरीही तिच्यात घेतले. अमरावती आणि अकोला त्यांत आहेत. हाडांच्या कोणत्या शस्त्रक्रिया बसतात, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा, पैसे भरल्यावर नको. अकोल्यात सर्वोपचारला २००२ पासून वैद्यकीय महाविद्यालयाची जोड आहे, अमरावतीत इर्विन आहे. पण धारणीच्या माणसाने मोडका पाय घेऊन घाट उतरायचा, हे किती दिवस चालणार? प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात हाडांचा तज्ज्ञ ठरलेल्या वारी बसला पाहिजे आणि तो वार प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिला पाहिजे. ही मागणी जिल्हा बैठकीत ठरावाने घ्यावी, असे आमचे म्हणणे आहे.

तोवर एक काम आपल्या हातचे. पुढच्या बैठकीला कोणी कंबर धरून आला, तर गोळी देऊ नका. चार गोष्टी विचारा: रात्री झोप मोडते का? ताप येतो का? वजन उतरले का? पायांत ताकद कमी वाटते का? एकालाही होकार आला, तर उलंगवाडीची वाट न पाहता त्याला गाडीत बसवा, आणि तुमच्यातला एक जण सोबत जा. आम्ही हे एकदा केले नाही. पुन्हा तसे होऊ द्यायचे नाही.