'एचडीए' हरवला? घाबरू नका, नाव बदललंय!

'व्हीटी'चं 'सीएसटी' झालं १९९६ साली. २०१७ मध्ये त्यात 'महाराज' आले आणि झालं 'सीएसएमटी'. स्टेशन मात्र जागचं इंचभरही हललं नाही. टॅक्सीवाल्याला यातलं कुठलंही नाव सांगा, तो तुम्हाला बरोबर दारात सोडतो. पण लिनक्स म्हणजे टॅक्सीवाला नव्हे, बॉस! त्याला जुनं नाव सांगितलंत, तर तो भर रस्त्यात गाडी थांबवून म्हणणार, 'असं काही इथे नाहीच.'

माळ्यावर पडलेला जुना डेस्कटॉप खाली काढून त्यावर स्वतःच्या हाताने कर्नल बनवणाऱ्या शूरवीरांना हा अनुभव हमखास येतो. (कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, हार्डवेअरशी थेट बोलणारा भाग.) कंपाइल होईपर्यंत चहाचे दोन कप संपतात, एरर एकही नाही, खुशीत रिस्टार्ट मारता आणि... काळा स्क्रीन! त्यावर 'कर्नल पॅनिक'. रूट फाइल सिस्टिम माउंट होत नाही म्हणे. कॉलेजचे फोटो, आईबाबांच्या पंचविसाव्या वाढदिवसाचा व्हिडिओ, सगळं त्याच डिस्कवर. पोटात गोळा येणारच.

पण मंडळी, टेन्शन नको. अशा वेळी डिस्क बहुधा धडधाकट असते. तिचं फक्त नाव बदललेलं असतं.

नाव बदललं कुणी?

जुन्या कम्प्युटरमध्ये चपट्या, रिबनसारख्या केबलवर चालणाऱ्या आयडीई डिस्क असायच्या. लिनक्स त्यांना 'एचडी' म्हणायचा आणि पुढचं अक्षर जागेवरून ठरायचं. पहिल्या केबलवरची मास्टर 'एचडीए', स्लेव्ह 'एचडीबी'. दुसऱ्या केबलवरची मास्टर 'एचडीसी', स्लेव्ह 'एचडीडी'. थोडक्यात, सीट रिझर्व्ह! मधली डिस्क काढली तरी बाकीच्यांची नावं तीच. सर्व्हरमधल्या महागड्या स्कझी डिस्कना मात्र सापडतील त्या क्रमाने 'एसडीए', 'एसडीबी' अशी नावं मिळायची.

मग साटा डिस्क आल्या आणि त्यांच्यासाठी लिनक्समध्ये 'लिबएटीए' ही नवी ड्रायव्हर लायब्ररी आली. ती सगळ्या डिस्कना स्कझीच्या दारातून आत घेते. २००६ साली २.६.१९ या कर्नलमध्ये जुन्या रिबनवाल्या डिस्कसाठीही लिबएटीएचे ड्रायव्हर आले. २००७ मध्ये फेडोरा ७ ने सगळ्यांना त्याच रांगेत उभं केलं. आणि २०२१ मध्ये ५.१४ या कर्नलमधून जुना आयडीई ड्रायव्हर चक्क काढूनच टाकला. त्यामुळे आज जुन्या मशीनवर नवा कर्नल चढवलात, तर 'एचडीए१'चं 'एसडीए१' होणारच. सीडी ड्राइव्हसुद्धा 'एचडीसी'ऐवजी 'एसआर०' म्हणून हजर होतो. इकडे तुमच्या बूट मेन्यूत आणि 'एफएसटॅब' फाइलमध्ये मात्र अजून जुनीच पाटी लटकतेय. झोल तिथे आहे.

पॅनिक स्क्रीन वाचा, राव!

आपण घाबरून थेट पॉवर बटण दाबतो. तसं करू नका. पॅनिकच्या ओळीच्या जरा वर कर्नल स्वतःच सांगत असतो, की 'रूट=' नीट द्या, मला सापडलेली पार्टिशन्स ही अशी. रोगाचं निदान त्या यादीतच आहे.

यादीत 'एसडीए१', 'एसडीए२' दिसतायत? मग नुसता नावाचा घोळ. मशीन पुन्हा सुरू करा, ग्रबच्या मेन्यूत इंग्रजी 'ई' दाबा, 'रूट='पुढचं 'एचडीए' खोडून 'एसडीए' करा आणि बूट करा (ग्रब २ मध्ये कंट्रोल-एक्स). हा बदल तेवढ्या एका खेपेपुरताच टिकतो, त्यामुळे चुकलं तरी काही बिघडत नाही. तिथेच 'एचडी०' असं काही दिसलं तर त्याला हात लावू नका. ती ग्रबची स्वतःची मोजणी आहे, लिनक्सच्या नावाशी तिचा संबंध नाही.

यादी रिकामी आहे? मग प्रश्न नावाचा नाही, ड्रायव्हरचा आहे. कर्नल बनवताना मेनूकॉन्फिगमध्ये लिबएटीएखाली तुमच्या चिपसेटचा ड्रायव्हर हवा आणि त्यासोबत 'स्कझी डिस्क सपोर्ट'ही हवा. 'माझ्याकडे कुठे स्कझी आहे?' म्हणून अनेकजण हा दुसरा पर्याय बंद करतात आणि फसतात.

आणि एरर संपताना कंसात ८,१ असे आकडे दिसले तर? ८ हा 'एसडी' डिस्कचा नंबर. म्हणजे डिस्क सापडलीय, पण तिच्यावरची फाइल सिस्टिम कर्नलला वाचता येत नाहीये. एक्स्ट४ वगैरे जे असेल ते चालू करा. आणि हे सगळं 'एम' म्हणजे मॉड्यूल म्हणून नको, थेट कर्नलच्या आत हवं. कारण मॉड्यूल डिस्कवर आणि डिस्क उघडायला मॉड्यूल हवं, म्हणजे कपाटाची चावी कपाटातच! इनिटरॅमएफएस ही बूटच्या वेळची छोटी शिदोरी सोबत असेल तरच मॉड्यूल चालतं.

रांगेतला नंबर की पॅन नंबर?

आता 'एचडीए'च्या जागी सगळीकडे 'एसडीए' लिहून मोकळं व्हावंसं वाटेल. थांबा! 'एसडीए' हे नाव नाहीच, तो रांगेतला नंबर आहे. पंगतीत आधी बसेल त्याला पहिलं पान. आजचे कर्नल डिस्क एकामागून एक नाही, तर एकाच वेळी तपासतात. जी आधी उत्तर देईल ती 'एसडीए'. दोन डिस्क असतील, किंवा यूएसबी ड्राइव्ह लावून मशीन सुरू केलंत, तर कालची 'एसडीए' आज 'एसडीबी' होऊ शकते.

खरी ओळख हवी तर यूयूआयडी वापरा. हा ३६ अक्षरांचा लांबलचक नंबर फाइल सिस्टिममध्येच लिहिलेला असतो, त्यामुळे केबल बदला, कर्नल बदला, तो तसाच राहतो. अगदी आपल्या पॅन नंबरसारखा. लेबल म्हणजे घरातलं लाडाचं नाव. सोपं, पण एकाच बिल्डिंगमध्ये दोन पिंट्या निघाले की पंचाईत. यूयूआयडीचीही एकच गोची आहे. डिस्कची जशीच्या तशी कॉपी काढली, तर दोघींचा नंबर एकच येतो. त्या दोघी एकत्र जोडू नका.

रूट युजर होऊन 'बीएलकेआयडी' कमांड मारा, नंबर मिळतील. मग 'एफएसटॅब'मध्ये प्रत्येक पार्टिशनच्या नावाऐवजी 'यूयूआयडी=' लिहा, स्वॅपसकट. 'फाइंडएमएनटी' कमांडला 'व्हेरिफाय' हा पर्याय देऊन फाइल तपासून घ्या. यातला सगळ्यात भारी फायदा म्हणजे तीच फाइल जुन्या कर्नललाही चालते आणि नव्यालाही. बूट मेन्यूत मात्र एक पेच आहे. 'रूट=' मध्ये यूयूआयडी समजायला इनिटरॅमएफएस लागतो. तो नसेल तर पार्टयूयूआयडी, म्हणजे पार्टिशनचा नंबर द्या. तो आजच्या कर्नलला स्वतःलाच कळतो.

खरी भीती कुठे?

मशीन सुरू न होणं ही तशी किरकोळ गोष्ट. सेफ्टीसाठी जुना कर्नल मेन्यूत ठेवलेला असला (तो कधीच उडवू नका), की पाच मिनिटांत परत येता येतं. खरी भीती मशीन सुरू झाल्यानंतरची आहे. 'एसडीबी म्हणजे रिकामी डिस्क' हे आपल्या डोक्यात फिट्ट बसलेलं असतं. नव्या कर्नलमध्ये त्या नावावर आता फोटोंची डिस्क बसलेली असते. आपण सवयीने फॉरमॅटची कमांड मारतो, आणि कमांड बिचारी सांगितलेलं काम इमानेइतबारे करते. इथे पॅनिक नाही, एरर नाही. आईबाबांचा तो व्हिडिओ मात्र गेलेला असतो.

म्हणून पुसणारी कुठलीही कमांड मारण्याआधी 'एलएसबीएलके' मारून डिस्कचा आकार, मॉडेल आणि सिरियल नंबर बघा. वीस सेकंदांचं काम आहे. जमलं तर ज्या डिस्कला धक्का लागू नये, तिची केबलच काढून ठेवा. नाव काय, आज आहे उद्या नाही. डिस्क तेवढी ओळखता आली पाहिजे!