विनामूल्य साधनांचे मोल

गेल्या काही वर्षांत प्राथमिक शिक्षकांच्या हाती नाना तऱ्हेची डिजिटल साधने विनामूल्य येऊ लागली आहेत. कोणते मुलाचे वाचन ऐकून अडखळलेला शब्द दाखविते, कोणते बेरीज-वजाबाकीचे खेळ मांडते, कोणते गोष्टींचे भांडार उघडून ठेवते. त्यांस दाम पडत नाही, मग ती घेण्यास हरकत काय, असे म्हणणारा एक पक्ष आहे. आणि मोबाईल हे मुलांस बिघडविणारे यंत्र असून त्यास वर्गाचा उंबरठा ओलांडूच देऊ नये, असे म्हणणारा दुसरा. पालकसभेत दोन्ही पक्षांची मते आम्ही आदराने ऐकली आहेत. आमचे मत असे की, कोणतेही साधन आधी शिक्षकाने स्वतः पारखावे. आणि पारखताना त्याची किंमत वा चकचकीतपणा न पाहता, ज्या मुलाच्या घरी पुस्तकाची भाषा बोलली जात नाही त्यास ते कितपत उपयोगी पडते, हे प्रथम पाहावे.

ह्याचे उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. आपल्याच जिल्ह्यात, माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत श्री. रणजितसिंह डिसले हे २००९ साली शिक्षक म्हणून रुजू झाले. त्या वेळी शाळेची इमारत मोडकळीस आलेली होती. एका बाजूस गुरांचा गोठा व दुसऱ्या बाजूस कोठार. तेथील मुलींची घरची भाषा कन्नड, आणि अभ्यासक्रम मात्र त्या भाषेत नव्हता. डिसले गुरुजी कन्नड शिकले, पहिली ते चौथीची पुस्तके त्यांनी मुलांच्या भाषेत उतरविली, आणि पानोपानी क्यूआर कोडाचे ठिपकेदार चौकोन छापून त्यांमागे कविता, गोष्टी, पाठांची चलचित्रे व गृहपाठ ठेविले. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांस ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ हे दहा लक्ष डॉलरांचे पारितोषिक जाहीर झाले, आणि त्यातील अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांस वाटून दिली. वर्तमानपत्रांनी ह्या औदार्याचा गौरव केला तो योग्यच होता. तथापि आम्हां शिक्षकांनी लक्षात ठेवावयाची गोष्ट निराळी आहे. कोड छापण्यास अर्धी घटका लागते, भाषा शिकण्यास महिने लागतात. आणि गुरुजींनी महिन्यांचे काम टाळले नाही.

हा क्यूआर कोड मुळात शाळेसाठी निर्माण झालेलाच नव्हे. जपानात डेन्सो ह्या कंपनीतील मासाहिरो हारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी सिद्ध केला. कंपनीने पेटंट आपल्याकडे ठेविले. परंतु ठरलेल्या नमुन्याप्रमाणे कोड वापरणाऱ्यांकडून मोबदला घ्यावयाचा नाही असे जाहीर केले. म्हणूनच तो माढ्याच्या एका वाडीपर्यंत पोहोचू शकला. पुढे २०१७ साली महाराष्ट्र शासनाने पाठ्यपुस्तकांत असे कोड देण्याचे ठरविले, आणि त्याच वर्षी केंद्र शासनाचे ‘दीक्षा’ हे व्यासपीठ सुरू झाले. आज आपल्या पाल्याचे बालभारतीचे पुस्तक उघडले तर तो चौकोन सहज सापडेल. किती घरांतून तो उघडून पाहिला जातो, हा प्रश्न आम्ही पालकांवर सोपवितो.

आता सोलापूर शहराकडे वळू. पूर्व भागातील पद्मशाली घरांतून तेलुगू चालते. अक्कलकोटकडून आलेल्या कुटुंबांची बोली कन्नड. मुसलमान वस्तीत दखनी. आमच्या पहिलीच्या वर्गात ‘पाणी’ ह्या एका शब्दास ‘नीळ्ळु’, ‘नीरु’ आणि ‘पानी’ असे तीन जोडीदार बसलेले असतात. ही मुले मंद नव्हेत. मराठीतून प्रश्न विचारला असता ती क्षणभर थांबतात, कारण त्यांस तो आधी मनात घरच्या भाषेत न्यावा लागतो. आणि घाई झालेला शिक्षक त्या थांबण्याचा अर्थ अज्ञान असा करितो. शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे, असे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात म्हटले आहे. एकाच वर्गात चार भाषा असता ते कसे साधावे, ह्याचे उत्तर कोणत्याही धोरणाच्या कागदावर मिळणारे नव्हे. ते फळ्यापाशीच शोधावे लागते.

ह्या दृष्टीने आम्ही काही साधने वापरून पाहिली. मुलाचे वाचन ऐकणारे एक साधन प्रथम फार मोहक वाटले. परंतु दखनी घरातील मुलगा ‘बाळ’ ऐवजी ‘बाल’ म्हणाला की ते अडून बसे. मुलगा पुन्हा ‘बाल’ म्हणे, साधन पुन्हा अडे, आणि अखेरीस मुलगाच गप्प होई. शिक्षिकेने त्याच्याकडे पाहून एकदा ‘बाळ’ म्हटले असते तर जिभेची जागा त्यास दिसली असती. ते साधन आम्ही मुलांहाती देण्याचे थांबविले. उलटपक्षी, प्रथम बुक्स ह्या संस्थेने २०१५ साली खुले केलेले ‘स्टोरीवीव्हर’ हे गोष्टींचे भांडार आम्हास फार उपयोगी पडले. तेथे एकच चित्रमय गोष्ट अनेक भाषांत मिळू शकते. शिवाय ती छापण्याची, भाषांतरित करण्याची व वाटण्याची मोकळीक परवान्यानेच दिलेली आहे. आम्ही काही गोष्टी छापून, दोऱ्याने शिवून वर्गात ठेविल्या. एका पानावर मराठी, समोरच्या पानावर तेलुगू. यंत्र कपाटात गेले, पुस्तक मुलाच्या मांडीवर राहिले. अशा साधनांस आम्ही खरोखर विनामूल्य म्हणू.

इतर पुष्कळ साधनांची गोष्ट तशी नसते. काहींचा दाम पैशांत नसून माहितीत असतो. प्रथम मुलाचे नाव, मग वय, मग पालकांचा क्रमांक. ह्यूमन राइट्स वॉच ह्या संस्थेने मे २०२२ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. कोरोनाच्या काळात ४९ देशांच्या सरकारांनी पुरस्कारिलेली १६४ शैक्षणिक साधने तिने तपासली, तेव्हा त्यांपैकी १४६ साधनांच्या माहिती गोळा करण्याच्या रीती मुलांच्या हक्कांस बाधक किंवा धोक्याच्या आढळल्या. २०२३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीची माहिती घेण्यापूर्वी पालकांची संमती घेण्याची तरतूद केली आहे. परंतु ‘मान्य आहे’ ह्या खुणेवर न वाचता बोट ठेवणारे आपणच असतो! दुसरे असे की, जे फुकट मिळते ते न सांगता-विचारता जाऊही शकते. फ्लॅशवर चालणारे कित्येक शैक्षणिक खेळ २०२० च्या अखेरीस त्या तंत्राबरोबरच बंद पडले. कोरोनाच्या दिवसांत शिक्षकांचा फळा बनलेले गूगलचे जॅमबोर्ड ३१ डिसेंबर २०२४ रोजी मिटले. जो धडा केवळ परक्याच्या फळ्यावर लिहिलेला असतो, तो पुसण्याचा अधिकारही परक्याच्याच हाती असतो. यास्तव जे छापून ठेवता येते किंवा आपल्या यंत्रात उतरवून घेता येते, त्यास आम्ही अधिक गुण देतो.

आणखी एक गोष्ट पालकांच्या घरातली. ज्या घरी एकच मोबाईल आहे व तो वडिलांबरोबर सकाळीच कारखान्यात जातो, आई विड्या वळीत बसलेली आहे, त्या घरच्या मुलास ‘हे चलचित्र पाहून ये’ असा गृहपाठ देणे हा अन्याय होय. कोरोनाच्या काळात निरुपाय होता. तो काळ गेला, ही सवय मात्र ठिकठिकाणी राहिली. आमच्या प्राथमिक विभागात मोबाईलवाचून न होणारा गृहपाठ कोणी देऊ नये, मुलाचे नाव व क्रमांक मागणारे साधन वर्गात आणू नये, आणि जे आणावयाचे ते शिक्षकाच्या एकाच यंत्रावर सर्वांदेखत चालवावे, असा आमचा आग्रह आहे. ह्यापायी मुले मागे पडतील अशी भीती ज्यांस वाटते त्यांनी एकदा दुपारच्या तासास येऊन बसावे.

आमच्यापाशी एका गोष्टीची मात्र वाण आहे. पहिली व दुसरीच्या पाठांतील शब्द आणि लहान गोष्टी तेलुगू, कन्नड व दखनीत बोलून साठवून ठेवाव्यात, असे आम्ही योजिले आहे. त्यासाठी ध्वनिमुद्रणाचे साधन फुकट आहे, क्यूआर कोडही फुकट आहे. आवाज मात्र आमच्याजवळ नाहीत. आठवी-नववीतील ज्या विद्यार्थ्यांस ह्या भाषा स्वच्छ बोलता येतात त्यांनी, आणि ज्या मातांस व आजींस सवड होईल त्यांनीही, शनिवारी शाळा सुटल्यावर प्राथमिक विभागाच्या व्हरांड्यात यावे. अक्षरओळख असण्याची अट नाही. शब्द आम्ही वाचून दाखवू, त्यांनी ते आपल्या घरी म्हणतात तसे म्हणावेत.