फ्युजन, पण कुणाच्या तालावर?

यंदाच्या गॅदरिंगची नोटीस लागली आणि त्यात पुन्हा 'फ्युजन बँड' आहे. मागच्या वर्षी या आयटममध्ये गिटार घेऊन उभा होतो तो मीच. म्हणून चार शब्द लिहायचा मला हक्क आहे असं समजतो. शिवाय एक हिशेबही चुकता करायचाय, तो पुढे येईलच.

मी पक्का कॉन्व्हेंटवाला. शाळेत क्वायर, मग गिटार, मग जॅझ. ठुमरी म्हणजे आजीच्या रेडिओवर लागतं ते काहीतरी, एवढंच माझं ज्ञान! हा गैरसमज मोडला तोही एका जॅझच्याच अल्बमने. मुंबईचे तालवादक त्रिलोक गुर्टू यांचा 'उसफ्रेट', साल १९८८. त्यात ट्रम्पेटवर डॉन चेरी, गिटारवर राल्फ टाउनर, आणि गायला कोण? तर त्यांची आई, म्हणजे बेळगावात जन्मलेल्या ठुमरी गायिका शोभा गुर्टू. एका ट्रॅकचं नावच 'शोभारॉक'! मला वाटलं, मुलाने आईला हौसेखातर बोलावलं असेल. पण ऐकून बघा. शोभाताई 'रॉक' होण्यासाठी काहीही करत नाहीत. त्या त्यांच्याच ढंगात गातात आणि बाकीची मंडळी त्यांच्याभोवती जागा करून देतात. त्रिलोक गुर्टू ड्रम्ससुद्धा जमिनीलगत बसून वाजवतात. शेजारी तबला, आणि एक पाण्याची बादली. वाजती झांज पाण्यात बुडवली की तिचा सूर खाली घसरतो. (मास वाढलं की फ्रीक्वेन्सी कमी. व्हायब्रेशन्सच्या तासाला हे उदाहरण दिलं असतं तर अर्धा वर्ग जागा राहिला असता.)

तिथून मी 'शक्ती'कडे वळलो. जॉन मॅकलॉफ्लिन हा इंग्रज गिटारिस्ट. 'महाविष्णू ऑर्केस्ट्रा'मध्ये कान फुटेस्तोवर इलेक्ट्रिक गिटार वाजवून झाल्यावर हा गडी साध्या, तारांच्या गिटारकडे आला. त्याआधी अमेरिकेत एस. रामनाथन यांच्याकडे चक्क वीणा शिकला. मग स्वतःसाठी वेगळी गिटार बनवून घेतली. त्यात तरफांसारख्या जास्तीच्या सात तारा तिरक्या बसवलेल्या, आणि मींड ओढता यावी म्हणून पुढे फ्रेट्सच्या मधलं लाकूडही खोलगट करून घेतलं. म्हणजे दुसऱ्याच्या संगीतासाठी त्याने आपलं वाद्य बदललं. आपण काय करतो? तबलेवाल्याला म्हणतो, "मागे बस, माइक नंतर बघू."

'शक्ती'चा पहिला अल्बम १९७५ सालच्या एका मैफलीचं रेकॉर्डिंग आहे. ट्रॅक फक्त तीन, त्यातला एक एकोणतीस मिनिटांचा! झाकीरभाईंचा तबला, एल. शंकर यांचं व्हायोलिन, विक्कू विनायकराम यांचा घटम. २०२३ चा 'धिस मोमेंट' जास्त स्वच्छ आहे, फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याला ग्रॅमीही मिळालं, आणि त्यात गाणारे शंकर महादेवन नवी मुंबईच्या कॉलेजातले इंजिनियर आणि श्रीनिवास खळे यांचे शिष्य. (प्लेसमेंट सेलने हे वाक्य वाचू नये.) तरीसुद्धा माझं मत जुन्यालाच. लॉकडाऊनच्या काळात लांब लांब राहून जमवलेलं संगीत कितीही सफाईचं असलं तरी समोरच्याचा हात उचलला जाताना बघून घेतलेली सम त्यात कुठून येणार? झाकीरभाई १५ डिसेंबर २०२४ ला गेले, त्या आठवड्यात आमच्या मजल्यावर सगळ्यांचं स्टेटस एकच होतं. त्यातल्या किती जणांनी तो एकोणतीस मिनिटांचा ट्रॅक पुरा ऐकलाय, देव जाणे.

आता हिशेब. माझा रूममेट आळंदीत पखवाज शिकलेला. सगळे त्याला 'महाराज' म्हणतात. डाव्या पुडीला लावायला तो मेसच्या काकूंकडून कणकेचा गोळा मागून आणतो, यावर आम्ही भरपूर हसून घेतलंय. मागच्या वर्षी त्याला बँडमध्ये घेतलं ते, खरं सांगायचं तर, पोस्टरवर पखवाज छान दिसतो म्हणून. बाकी सगळा ट्रॅक लॅपटॉपवर. "मध्ये सोळा मात्रा फास्ट दे, आणि तिहाई घेऊन संपव," एवढंच त्याला सांगितलं. त्याने आठवडाभर तिहाई बसवली. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी आम्ही ट्रॅकमधून आठ मात्रा कापल्या आणि त्याला सांगायचं राहून गेलं. स्टेजवर आमचं गाणं पुढे गेलं, त्याची तिहाई मागे राहिली. हॉलमध्ये हशा. ग्रीनरूममध्ये कोणीतरी विचारलं, काय झालं? मी म्हणालो, "पखवाजवाला चुकला."

तो तिथेच उभा होता. काही बोलला नाही, खोळ चढवली आणि गेला.

तो चुकला नव्हता, मित्रहो. त्याचा हिशेब बरोबर होता, आठ मात्रा आम्ही खाल्ल्या होत्या. हे मी तेव्हा सांगायला हवं होतं, आज इथे छापून सांगतोय.

नोटीस लागली त्या रात्री मी त्याच्या कानाला हेडफोन लावला. खिडकीबाहेर नगर रोडवरच्या ट्रकचे हॉर्न चालू होते. पहिल्या अल्बममधला 'जॉय' हा अठरा मिनिटांचा ट्रॅक त्याने डोळे मिटून ऐकला. हेडफोन काढून म्हणाला, "हे लोक एकमेकांचं ऐकतायत रे."

मी विचारलं, "यंदा वाजवशील?"

"आधी तू चौताल हातावर धरून दाखव. लॅपटॉप नाही."

म्हणून सध्या जेवणानंतर टेरेसवर टाळ्या मोजत बसतो. बारा मात्रा. पहिली, पाचवी जमते. नववी आणि अकरावी टाळी जवळजवळ येते, तिथे अजून घसरतोय.