म्हशीच्या घमेल्यातलं मॅग्नेशियम

मागच्या शनिवारी भुसावळला घरी गेलो आणि आईचा ओरडा खाल्ला. त्याआधी डॉक्टरांचा. दोघांचंही बरोबर होतं, म्हणून हे लिहायला बसलोय.

तर झालं असं की आईच्या पोटऱ्यांत रात्री गोळे येतात. इकडे आमच्या टीममध्ये सध्या मॅग्नेशियमची साथ आलेली आहे. झोप लागत नाही? मॅग्नेशियम घे. पाठ आखडली? मॅग्नेशियम घे. रिलीज पुढे गेलं? तेच! प्रत्येकाच्या डेस्कवर ग्लायसिनेटची बाटली. मीही एक ऑनलाईन मागवली आणि परस्पर भुसावळच्या पत्त्यावर पाठवून दिली. कर्तबगार मुलगा ना!

आईचं क्रिएटिनिन वाढलेलं आहे हे मला माहीत होतं. जास्तीचं मॅग्नेशियम बाहेर टाकायचं काम किडनीचं असतं, आणि किडनीच थकलेली असेल तर ते रक्तात साठत जातं, हे मात्र इंजिनिअरसाहेबांना माहीत नव्हतं. डॉक्टरांनी बाटली उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, "हे कोणी दिलं?" आईने माझ्याकडे बोट दाखवलं. नशीब, चारच गोळ्या पोटात गेल्या होत्या.

त्याहून लाजिरवाणं म्हणजे नंतर शोधलं तेव्हा कळलं की वयस्कर माणसांच्या पायातल्या गोळ्यांवर मॅग्नेशियमचा म्हणावा असा उपयोग होत नाही, असं कोक्रेनच्या २०२० च्या आढाव्यात स्पष्ट म्हटलंय. म्हणजे मी धोकाही विकत घेतला आणि तोही बिनकामाचा.

आता गैरसमज नको. मॅग्नेशियमशी माझं भांडण नाही. शरीरात ते साधारण २५ ग्रॅम असतं, निम्म्याहून जास्त हाडांत, रक्तात एक टक्कासुद्धा नाही (म्हणून रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आला तरी त्यावरून सगळं कळत नाही). राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत पुरुषाला रोज ४४० मि.ग्रॅ. आणि बाईला ३७० मि.ग्रॅ. सांगितलंय. ते मिळायलाच हवं. भांडण आहे ते वेगळंच. आपण ते आधी घराबाहेर फेकतो आणि मग बाटलीत भरून विकत आणतो, त्याच्याशी.

फेकतो कुठे? तर म्हशीपुढे.

रविवारी मामाकडे गेलो होतो, यावल तालुक्यात. मामाचा आंबोण कालवायचा कार्यक्रम चालू होता. घमेल्यात सरकीची ढेप, गव्हाचा कोंडा, वर खनिज मिश्रण. मी म्हटलं, "मामा, पुण्यात हाच कोंडा खोक्यात भरून विकतात, नाश्त्याला." मामा हसत सुटला. "भो, मग म्हैस बी आणून बांध तिथं!"

हसण्यावारी नेऊ नका. शंभर ग्रॅम कोंड्यात सुमारे ६०० मि.ग्रॅ. मॅग्नेशियम असतं आणि मैद्यात तीस-पस्तीस. एकाच गव्हाचे दोन भाग! वीसपट चांगला भाग म्हशीला आणि उरलेला मला, पाव, खारी, बिस्कीट, नूडल्स अशा नावांनी. सडलेल्या तांदळात तर वीसच्या आसपास. उलट ज्वारीत शंभर ग्रॅमला १३३, उडदात त्याहून जास्त. आमची कळण्याची भाकरी ज्वारी आणि सालासकट उडदाचीच. दोन भाकरी म्हणजे दोनशे मि.ग्रॅ.च्या वर, सोबत दाण्याची चटणी असेल तर आणखी. कोणी म्हणेल, कोंड्यातल्या फायटेटमुळे ते सगळं अंगी लागत नाही. खरंय. पण मैद्यात मुळात आहे किती की अंगी लागेल?

दुसरी गोष्ट पाणी. पाण्याचा जडपणा म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. भारतीय मानकात लिटरला ३० मि.ग्रॅ. मॅग्नेशियमला बिनशर्त मान्यता आहे. असं तीन लिटर पाणी प्यायलं तर नव्वद मि.ग्रॅ. झाले की! माझ्या गरजेचा पाचवा हिस्सा, फुकट. आमच्या घरी आरओचं मशीन आलं ते एका विक्रेत्याच्या जादूने. त्याने नळाच्या ग्लासात दोन कांड्या बुडवल्या, पाणी गढूळ तांबडं झालं. फिल्टरच्या ग्लासात बुडवल्या, तसंच राहिलं. आई घाबरली. अहो, ती कांडी लोखंडाची होती! क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते आणि लोखंड झिजून पाण्यात उतरतं, क्षार काढलेल्या पाण्यातून ती जवळजवळ वाहतच नाही. अकरावीचं इलेक्ट्रोलिसिस. तांबडा रंग तापीचा नव्हता, त्याच्या कांडीचा होता. पाणी खरोखर खारं असेल किंवा त्यात फ्लोराईड असेल तर आरओ हवाच. पण आमच्या नळाला टीडीएस होता ३८०, आणि मानकाची पसंतीची मर्यादा आहे ५००. मामाची म्हैस मात्र बोअरचं पाणी हौदातून पिते, कोणी कांड्या बुडवत नाही.

मग मामा खनिज मिश्रण का घालतो? त्याचा हिशोब आहे. दहा लिटर दूध देणारी गाय दिवसाला ग्रॅमभराहून जास्त मॅग्नेशियम दुधातूनच देऊन टाकते. मी दूध देत नाही, मी खुर्चीत बसतो. शिवाय गुरांच्या डॉक्टरांनी आधी चारा विचारला, दूध विचारलं, मग मिश्रण सांगितलं. हॉलंडमध्ये हिरव्यागार कुरणात चरणाऱ्या गायी झटके येऊन पडायच्या. रक्तातलं मॅग्नेशियम घसरलेलं असतं, हे स्योलेमा यांनी १९३० च्या सुमारास दाखवलं. पुढे कळलं की गवतात पोटॅश जास्त झालं की ते गायीच्या पोटात मॅग्नेशियम शोषूच देत नाही. म्हणजे नुसतं किती आहे हे बघून भागत नाही, सोबत काय आहे तेही बघावं लागतं. मामाला हे केळीवरून ठाऊक आहे. ठिबकमधून पोटॅश जास्त गेलं की पानं पिवळी पडतात, मग तो आधी खताचा हिशोब काढतो, नंतर मॅग्नेशियम सल्फेटची गोणी आणतो. केळीला एवढं विचारलं जातं आणि माझ्या आईला कोणी (म्हणजे मीच) काही न विचारता बाटली पाठवतो.

आमच्या टीममधले निम्मे लोक रोज सकाळी अ‍ॅसिडिटीची गोळीही घेतात. ती वर्षानुवर्षं घेतली तर मॅग्नेशियम कमी होऊ शकतं, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्येच दिलाय. एक गोळी काढते, दुसरी भरते, दोन्हींचे पैसे आपले. असो.

आरओचा वार्षिक करार अजून चार महिने आहे, त्यामुळे आई ते मशीन काढू देत नाही. मला मात्र तिने पाच किलो कळण्याचं पीठ बांधून दिलं. काल रात्री पहिल्यांदाच थापायला बसलो. तीन फाटल्या, चौथी खाल्ली.