दुसरा रूळ हवाच, पण पहिल्यावर गाडी चालूच असते

औरंगाबाद ते परभणी या 177 किलोमीटरच्या एकेरी रेल्वेमार्गाशेजारी दुसरा मार्ग टाकायला केंद्रीय मंत्रिमंडळाने 31 जुलै 2025 रोजी मंजुरी दिली. परभणी-मुदखेड पट्टा आधीच दुहेरी झालाय. निजामाच्या राज्यात 1900 च्या सुमारास सुरू झालेला हा मार्ग सव्वाशे वर्षांनीही बराचसा एकेरीच आहे. समोरून मालगाडी आली की आपली गाडी क्रॉसिंगला उभी. नांदेडहून मुंबईला जाणाऱ्याला हे सांगायला नको. म्हणून मंजुरीचं स्वागतच आहे.

किल्लारीला रेल्वे नाही, आपल्याला लातूर गाठावं लागतं. मग आपला काय संबंध? संबंध असा की मुरूम टाकायला, जेसीबी-हायवा चालवायला, खडी पसरायला पोरं लागतात ती आपल्यासारख्याच गावांतून, ठेकेदाराच्या माणसामार्फत जातात.

आणि हे काम मोकळ्या रानातलं नाही. नव्या आणि जुन्या मार्गाच्या मध्यांत साधारण 5.3 मीटर अंतर असतं. डबा सव्वातीन मीटर रुंद. म्हणजे दोन गाड्यांच्या मध्ये उरतात जेमतेम दोन मीटर. जेसीबीचा हात जरा जास्त फिरला, की तो चालू रुळावर. त्यात आपली काळी माती, पावसात फुगते, उन्हात भेगाळते. जुन्या भरावाला लागून खोल खोदलं तर चालू मार्गाचाच आधार सुटू शकतो. म्हणून अशा ठिकाणी गाड्यांचा वेग कमी करतात, रुळाजवळच्या कामासाठी ठराविक वेळेचा ‘ब्लॉक’ घेतात, शिट्टी-झेंडा घेऊन राखणदार उभा करतात. कागदावर हे सगळं असतं. घाई झाली की पहिला गायब होतो तो राखणदार.

याच मार्गावरची 8 मे 2020 ची पहाट आठवा. रमजान चालू होता, जुम्म्याचा दिवस. लॉकडाऊनमध्ये जालन्याहून रात्रभर चालत गावाकडे निघालेले मध्य प्रदेशचे मजूर करमाडजवळ रुळावरच झोपले. गाड्या बंद आहेत असं त्यांना वाटलं. बंद होत्या त्या प्रवासी गाड्या. मनमाडजवळच्या पानेवाडीकडे निघालेली रिकाम्या तेलटँकरची मालगाडी आली आणि 16 जण गेले. ड्रायव्हरने हॉर्न दिला होता, पण मालगाडी जागच्या जागी थांबत नसते.

मालगाडीला वेळापत्रक नसतं, हीच खरी गोम आहे. ‘आत्ताच एक गेली, आता तासभर काही नाही’ हा साईटवरचा हिशेब कधीही चुकू शकतो.

त्यामुळे घरातलं कुणी अशा कामावर जात असेल तर रोजाचा आकडा विचारण्याआधी दोन गोष्टी विचारा. हजेरीपटावर नाव आहे का? राखणदार कोण? पहिला प्रश्न किरकोळ वाटतो, पण नुकसानभरपाईच्या कायद्यात ठेकेदाराबरोबर काम देणाऱ्या मुख्य मालकावरही जबाबदारी येते. मात्र तो माणूस कामावर होता हे आधी दाखवावं लागतं. नाव कुठेच नसेल तर रुळाशेजारी मेलेला मजूर कागदावर रूळ ओलांडणारा वाटसरू ठरू शकतो.