रब्बी म्हणजे पुरोहित नव्हे

गेल्या अंकातील पत्रात रब्बीला ज्यूंचा पुरोहित म्हटले आहे. ते चूक आहे. पौरोहित्य वंशपरंपरेने कोहेन घराण्यांकडे होते आणि ते जेरुसलेमच्या मंदिराशी जोडलेले होते. इ.स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर पाडले. रब्बीचा अधिकार जन्मातून नव्हे, विद्येतून येतो. तो शास्त्र शिकवतो, निर्णय देतो. प्रार्थनेला मात्र त्याची गरज नसते. परंपरेने दहा प्रौढ पुरुष जमले की पुरे.

कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंनी तर पिढ्यान्‌पिढ्या रब्बीविना शनिवार पाळला, सुंता केली. मुंबईत १७९६ साली त्यांचे पहिले सिनेगॉग उभे राहिले, तिथेही प्रार्थना चालवायचा तो हझान. रब्बी नव्हते म्हणून हा समाज धर्माबाबत अडाणी होता, हे पत्रलेखकाचे विधान मला फार लागले.

— एक वाचक